जुना रेडिओ-टीव्ही उघडताय? शॉकबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बाजारातून मर्फी नाहीतर बुशचा रेडिओ उचलून आणला, किंवा माळ्यावरचा आजोबांच्या काळातला टीव्ही खाली काढला, मागचे स्क्रू खोलले आणि आता पुढे काय, अशा ठिकाणी अडकलेल्या लोकांसाठी हे आहे. रिपेअरिंग कसं करायचं ते इथे नाही, फक्त करंट लागू नये म्हणून काय काय माहीत असावं एवढंच. प्रश्न लोक विचारतात त्याच भाषेत ठेवलेत. उत्तरं काही ठिकाणी लांबलीत, इलाज नाही.

प्लग काढून ठेवलाय. मग शॉक कुठून बसणार?

कंडेन्सरमधून, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागातून. आपल्याकडचा सप्लाय २३० व्होल्ट एसी, पण ते आरएमएस माप झालं (एका ठरावीक पद्धतीने काढलेली सरासरी), त्याची टोकं जातात ३२५ व्होल्टपर्यंत. कलर टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, कॉम्प्युटरचा एसएमपीएस (भराभर चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारा पॉवर सप्लाय), या सगळ्यांत मेन सप्लाय आधी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) जातो आणि एका जाड्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी होऊन बसतो. तो कंडेन्सर ओळखायला सोपा, बोर्डावर सगळ्यात मोठा डबा आणि अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं. प्लग काढला की येणारं बंद झालं, साठलेलं कुठे गेलं? व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या ट्यूबांच्या) रेडिओतही तेच, तिथे एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारी हाय टेन्शन डीसी लाइन, २५०-३०० व्होल्टची असते आणि ती फिल्टर कंडेन्सरवर राहू शकते.

आणि गंमत अशी की चालू सेटपेक्षा बिघडलेला सेट इथे जास्त डेंजर. चालता सेट बंद केला की तो जाता जाता कंडेन्सरमधलं स्वतःच खाऊन टाकतो. पण एसएमपीएस सुरूच होत नसेल, स्टार्टअपचा (सप्लाय सुरू करून देणारा) रेझिस्टर ओपन झाला, म्हणजे आतून तुटला असेल, तर कंडेन्सर भरतो आणि ते वापरणारं पुढे कोणीच नसतं. म्हणजे जो सेट "पूर्ण डेड आहे हो, काहीच होत नाही" म्हणून तुमच्याकडे आलाय त्याच्यातच भरलेला कंडेन्सर असायची शक्यता जास्त.

किती वेळ थांबलं की तो आपोआप उतरतो? दहा मिनिटं पुरतील?

वेळेवर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. चांगल्या डिझाइनमध्ये कंडेन्सरला समांतर एक ब्लीडर, म्हणजे साठलेलं हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो. समजा कंडेन्सर २२० मायक्रोफॅरड आणि ब्लीडर २२० किलोओहम, तर दर ४८ सेकंदांनी व्होल्टेज साधारण ३७ टक्क्यांवर येतं, म्हणजे चारेक मिनिटांत ३२५ चे दोन-तीन व्होल्ट उरतात. छान. पण तो ब्लीडर जुना होऊन ओपन झालेला असला, किंवा कंपनीने पैसे वाचवायला मुळात टाकलाच नसला, तर तासभर थांबूनही चांगला झटका बसेल इतकं शिल्लक असतं. बाहेरून बघून हे कळत नाही. दहा मिनिटं थांबा, जरूर थांबा, पण त्यानंतर मीटर लावा.

दुकानात तर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून फाट्कन उडवतात. तसं केलं तर?

उडतं ना, प्रश्नच नाही. २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्टला जवळपास साडेअकरा जूल साठलेले असतात, ते एका क्षणात बाहेर पडतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडतो, पीसीबीचा (बोर्डाचा) ट्रॅक उडतो, कधीकधी कंडेन्सरचं आतलं कनेक्शन जातं आणि वितळलेल्या शिशाचा कण डोळ्याच्या दिशेने येतो. आणि त्या आवाजाने माणूस दचकून हात मागे घेतो तो नेमका दुसऱ्या कशावर तरी आपटतो, ते वेगळंच. तीस वर्षं असंच करणारे मेकॅनिक आहेत, मान्य, त्यांचे स्क्रू ड्रायव्हर एकदा जवळून बघा.

मग डिस्चार्ज करायचा कसा?

२.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, तो पांढरा सिमेंटचा चौकोनी मिळतो तो. दोन्ही पायांना चांगल्या इन्सुलेशनची वायर, जॉइंटवर हीट श्रिंक स्लीव्ह, एका बाजूला क्रोकोडाइल क्लिप आणि दुसऱ्या बाजूला मीटरचा जुना प्रोब. तारेचा एकही उघडा भाग बोटाला लागता कामा नये. प्लग काढायचा, क्लिप कंडेन्सरच्या मायनसला लावायची आणि प्रोब प्लसला टेकवून पाच सेकंद धरायचा. ठिणगी नाही, आवाज नाही. वरच्याच २२० मायक्रोफॅरडचा हिशेब केला तर अडीच सेकंदांत काम झालेलं असतं, पाच धरा म्हणजे मनात किंतू राहत नाही. प्रोब काढायचा आणि मीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून त्याच दोन पायांवर बघायचं. पाच व्होल्टच्या खाली आलं असेल तर पुढे जा.

काही जण रेझिस्टरऐवजी ६० वॉटचा साधा बल्ब वापरतात, तेही चालतं, क्षणभर पेटून विझतो ते डोळ्यांना दिसतं हा फायदा. पण बल्ब उडालेला असेल तर काहीच होणार नाही आणि तुम्ही समजाल कंडेन्सर रिकामा आहे! म्हणून काहीही वापरा, शेवटी मीटरच.

एका बोर्डावर असे एकाहून जास्त कंडेन्सर असू शकतात. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये तर दोन सिरीजमध्ये असतात, प्रत्येक २०० व्होल्टचा. दोन्हींवर वेगवेगळं मोजा.

"हॉट चेसिस" म्हणजे काय भानगड आहे?

जुन्या रेडिओंमधली सगळ्यात फसवी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

व्हॉल्व्ह रेडिओ दोन जातींचे. एका जातीत चांगला जड ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे मेन सप्लाय आणि चेसिस (सगळे भाग बसवलेला लोखंडी सांगाडा) यांचा थेट संबंध नसतो. दुसरी जात एसी-डीसी सेटची. त्या काळी काही शहरांच्या काही भागांत डीसी सप्लाय होता, तिथे ट्रान्सफॉर्मर चालत नाही, शिवाय तो महागही, म्हणून कंपन्यांनी तो काढूनच टाकला. व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) सगळे एका माळेत सिरीजने जोडले, १०० मिलिअँपवर चालणारी यू सिरीज त्यासाठीच होती, यूसीएच४२, यूएल४१, यूवाय४१ वगैरे. नंबर यू ने सुरू होत असतील तर तिथेच सावध व्हा. या सेटमध्ये मेनची एक वायर सरळ लोखंडी चेसिसला जोडलेली असते. सरळ, मध्ये काहीही नाही.

आता दोन पिनचा प्लग, तो कसाही लागतो. एका बाजूने लावला तर चेसिसवर न्यूट्रल, उलटा लावला तर अख्ख्या चेसिसवर फेज. रेडिओ दोन्ही बाजूंनी तेवढाच छान गातो. आणि स्विच न्यूट्रलच्या वायरमध्ये असेल तर सेट बंद असतानाही हीटरच्या माळेतून फेज चेसिसपर्यंत पोचलेला असू शकतो.

मूळ कंपनीला हे माहीत होतं म्हणून बाहेर लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी, मागे पुठ्ठा, आणि नॉब प्लास्टिकचे. नॉबला घट्ट धरणारा जो बारका स्क्रू असतो, तो खोल भोकात बसवून वरून मेणाने बुजवलेला असायचा. म्हणजे बोट त्या स्क्रूला लागूच नये. साठ-सत्तर वर्षांत ते मेण पडून गेलं, एखादा नॉब हरवला, कोणीतरी नुसता दांडा पकडीने फिरवत राहिलं, मागचा पुठ्ठा उंदराने खाल्ला. आज तुमच्या हातात येतो तो सेट कंपनीने विकलेला सेट नाहीये. नॉब बसवून झाला की त्या भोकात मेणबत्तीचं मेण टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

माझा रेडिओ हॉट चेसिसचा आहे का ते ओळखायचं कसं?

प्लग भिंतीतून काढून हातात घ्या. रेडिओचा स्विच ऑन करा. मीटर ओहमवर. एक प्रोब चेसिसच्या घासलेल्या भागावर, दुसरा प्लगच्या एका पिनवर, मग दुसऱ्या पिनवर. कुठल्याही एका पिनला जवळजवळ शून्य आलं की हॉट चेसिस, विषय संपला. दोन्हीकडे काहीच दाखवत नसेल आणि पिन ते पिन काही दहा-वीस किंवा शे-दोनशे ओहम येत असतील तर आत ट्रान्सफॉर्मर आहे असं समजायला हरकत नाही. पण आत ट्रान्सफॉर्मर दिसला एवढ्यावर खूश होऊ नका, काही सेटमध्ये ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची वाइंडिंग एकच असते आणि चेसिस मेनशी जोडलेलंच राहतं. म्हणून मीटरने बघा.

ट्रान्सफॉर्मरवाल्या चांगल्या सेटमध्येही एक चोर असतो. मेनच्या वायरवरून चेसिसवर टाकलेला कागदी कंडेन्सर, आवाजातली घरघर कमी करायला. हे कागदी कंडेन्सर म्हातारपणी हमखास लीक होतात, आणि मग चेसिसवर करंट यायला लागतो. तो काढून टाका किंवा वाय२ क्लासचा नवीन लावा. साधा ६३० व्होल्टचा पिवळा कंडेन्सर तिथे लावू नका, तो शॉर्ट होऊन मरू शकतो. वाय क्लासचा बिघडला तरी शॉर्ट न होता ओपन व्हावा अशा पद्धतीने बनवलेला असतो.

मग हॉट चेसिसला तीन पिनचा प्लग लावून अर्थिंग करून टाकलं तर सेफ होईल ना?

नाही! अजिबात करू नका. प्लगमध्ये किंवा तुमच्या घरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तो फेज ते अर्थ थेट शॉर्ट झाला. तीन पिनचा प्लग लावायला हरकत नाही, त्याने प्लग उलटा लागणं बंद होतं, चेसिसकडची वायर न्यूट्रलवर घ्या आणि अर्थची पिन मोकळी ठेवा. पण याच्यावरही पूर्ण भरवसा नको. सॉकेटकडे समोरून बघितलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असा नियम आहे, आणि जुन्या वाड्यांत-चाळींत तो पाळलेला असेलच असं नाही, स्विचसुद्धा न्यूट्रलमध्ये टाकलेले सापडतात. खरा उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो पुढे येतोय.

टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. म्हणजे सेफ?

टेस्टर पेटला तर काहीतरी आहे हे नक्की, नाही पेटला तर काहीही नक्की नाही. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो अंधूक पेटतो, उजेडात दिसतच नाही, आतला रेझिस्टर किंवा निऑन गेलेला असू शकतो. आणि मुद्दा असा की भरलेल्या कंडेन्सरच्या दोन पायांमधलं ३२५ व्होल्ट टेस्टरला कळतच नाही, कारण प्लग काढलेला आहे आणि सर्किट तुमच्या शरीरातून जमिनीकडे पूर्ण होत नाही. सेटमध्ये व्होल्टेज उरलेलं नाही हे ठरवायला मीटर, आणि मीटरही आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग सेटवर, मग परत सॉकेटवर. मधल्या वेळात प्रोबची वायर तुटलेली नाही ना, हे त्यातून कळतं. कंटाळवाणं आहे, माहितीये.

मी सिरीज बल्ब लावूनच काम करतो, मग काय टेन्शन?

हा गैरसमज भयंकर पसरलेला आहे. सिरीज बोर्ड, म्हणजे सेटच्या वायरीत एक बल्ब सिरीजमध्ये टाकलेला बोर्ड, चांगली वस्तू आहे, प्रत्येक बाकावर असलाच पाहिजे, शॉर्ट असलेला सेट लावला की फ्यूज आणि ट्रान्झिस्टर न उडता बल्ब फुल्ल पेटतो आणि फॉल्ट कळतो. पण तो सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. १०० वॉटचा बल्ब ०.४ अँपपेक्षा जास्त करंट आरामात जाऊ देतो. माणसाचं हृदय बिघडायला ०.१ अँपही खूप झाला. तुमच्या अंगातून करंट जाईल तेव्हा तो बल्ब साधा लालसुद्धा होणार नाही कदाचित.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर खरंच लागतो का? घरी फ्रिजचा स्टॅबिलायझर पडलाय, डिमरस्टॅटपण आहे.

स्टॅबिलायझर आणि डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) दोन्ही ऑटो ट्रान्सफॉर्मर आहेत. एकच वाइंडिंग, न्यूट्रल इकडून तिकडे सरळ. व्होल्टेज कमी-जास्त होतं, मेनपासून सुटका होत नाही. डिमरस्टॅट शून्यावर फिरवून ठेवला आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर आउटपुटच्या दोन्ही वायरींवर फेज बसलेला असतो, आणि दोन्हींमध्ये मीटर लावला तर शून्य दाखवतो. विचार करा.

आयसोलेशनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगळ्या वाइंडिंग असतात, २३० आत, २३० बाहेर. बाहेरच्या दोन वायरींपैकी कोणतीही एक जमिनीच्या हिशेबाने फेज नसते, त्यामुळे एका हाताने एका ठिकाणी स्पर्श झाला तर सर्किट पूर्ण होत नाही. दोन ठिकाणी स्पर्श झाला तर मात्र पूर्ण शॉक बसतो, ते कुठलाही ट्रान्सफॉर्मर थांबवत नाही. रेडिओसाठी १०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीचं माप) पुरे, २१ इंची कलर टीव्हीपर्यंत जायचं असेल तर २५०-३०० व्हीएचा घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केली तर बनवून देणारे सापडतात, सांगताना "ऑटो नको, दोन वाइंडिंग वेगळ्या पाहिजेत" हे स्पष्ट सांगा आणि घरी आणल्यावर ओहमवर तपासा. अगदी छोट्या कामासाठी एकाच मापाचे दोन २३०-१२ वाले ट्रान्सफॉर्मर १२ ची बाजू १२ ला जोडून पाठीला पाठ लावले तरी आयसोलेशन मिळतं, व्होल्टेज थोडं कमी येतं एवढंच.

एका ट्रान्सफॉर्मरवर एकच सेट. आणि त्याच्या आउटपुटला अर्थ जोडायचा नाही, जोडलात की सगळं मुसळ केरात.

घरात ईएलसीबी आहे. तो ट्रिप होईल की.

३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच), ज्याला सगळे अजून ईएलसीबीच म्हणतात, तो असणं उत्तमच, नसेल तर बसवून घ्या, फ्रिज-गीझरसाठीसुद्धा. पण त्याला फक्त अर्थकडे पळणारा करंट कळतो. एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर असेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. भरलेल्या कंडेन्सरचा शॉक त्याला दिसतच नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं काही दिसत नाही. आणि ब्रिजनंतरचा शॉक हा तुकड्यातुकड्याचा डीसी असतो, त्यावर साध्या एसी टाइपचा आरसीसीबी पडेलच याची खात्री नाही, त्यासाठी ए टाइपचा घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा, कित्येकांचं ते बटण बसवल्या दिवसापासून कोणी दाबलेलंच नसतं.

पिक्चर ट्यूबमध्ये २५ हजार व्होल्ट असतात म्हणे?

असतात. २०-२१ इंची कलर ट्यूबच्या अॅनोडला (हाय व्होल्टेज जिथे आत जातं त्या टोकाला) साधारण २५ हजार, आणि ते छोटे १२ इंची ब्लॅक अँड व्हाइट यायचे त्यांच्यात ११-१२ हजार. ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून काळा वाहक लेप असतो, मध्ये काच, म्हणजे ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर झाली. तिची कपॅसिटी बारीक असते, दोनेक नॅनोफॅरड धरली तर ऊर्जा एक जूलच्या आतच. धडधाकट माणूस त्या झटक्याने बहुधा मरत नाही. पण हात असा काही मागे उडतो की कोपर भिंतीवर, नाहीतर हातातली ट्यूब खाली, नाहीतर ट्यूबची मान मोडते. आत व्हॅक्यूम आहे, मोठी ट्यूब फुटली तर काच आधी आत आणि मग चहूकडे जाते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी यात पडूच नये. आणि हे सगळं बंद सेटचं. चालू सेटमध्ये एलओटी (हे हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) सतत करंट देत असतो, ते प्रकरण वेगळं.

डिस्चार्ज असा. प्लग काढलेला. ट्यूबच्या पाठीवर लेपाला टेकून एक विणलेली उघडी तार ताणून बसवलेली असते, क्लिप आधी त्या तारेला लावायची. बोर्डाच्या ग्राउंडला नाही, त्या झटक्यात आयसी जातात. दुसरं टोक लांब, चांगल्या इन्सुलेशनच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला. मग एक हात पाठीमागे, आणि दुसऱ्या हाताने तो अॅनोडवरच्या रबराच्या वाटीखाली सरकवत आतल्या धातूच्या क्लिपला टेकवायचा. टक् असा आवाज येईल, कधी काहीच येणार नाही कारण काही एलओटींत आतच ब्लीडर असतो. आवाज नाही आला तरी केलंच पाहिजे. हाय व्होल्टेज प्रोब असेल तर अजून बरं, तो लावून धरला की मोजतही राहतो आणि हळूहळू उतरवतोही. साधा मीटर इथे लावायचा नाही, मीटरही जाईल आणि हातही.

आणि आता खरी गोम. पाच-दहा मिनिटांनी परत डिस्चार्ज करा. काचेत मुरलेला चार्ज हळूहळू वर येतो, पिळून ठेवलेलं फडकं थोड्या वेळाने खाली परत पाणी सोडतं तसा. ट्यूब काढून कोपऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उचलताना चटका बसला, असं सांगणारे मेकॅनिक खोटं बोलत नसतात. ट्यूब बाहेर ठेवायची असेल तर अॅनोड आणि बाहेरचा लेप एका तारेने जोडूनच ठेवा.

एसएमपीएसवर स्कोपची क्लिप लावली की धडाम होतं, का?

कारण बोर्डावर दोन ग्राउंड असतात, हॉट (मेनशी जोडलेलं) आणि कोल्ड (मेनपासून वेगळं). स्कोपची (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) क्लिप अर्थला जोडलेली असते आणि हॉट ग्राउंड ब्रिजमधून मेनला, लावलीत की ब्रिजच्या डायोडमधून शॉर्ट. बोर्डावर बहुतेक वेळा दोन भागांमध्ये रेघ मारलेली किंवा रुंद मोकळी पट्टी सोडलेली दिसते. मोजायचं झालं तर सेटला आयसोलेशन द्या. स्कोपची अर्थ पिन मोडून काम करणारे आहेत, तसं केलं की स्कोपच्या पत्र्याच्या बॉडीवरच मेन येतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन पण असाच दुरुस्त करता येईल का?

नाही. इथे मी चर्चा करत नाही.

तरी लोक विचारतातच म्हणून कारण सांगतो. आतला ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट देतो आणि ते टीव्हीसारखं चिमूटभर करंटवर नाही, शेकडो मिलिअँप देण्याची त्याची ताकद आहे, डबलरनंतर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) मॅग्नेट्रॉनवर (मायक्रोवेव्ह तयार करणारी ट्यूब) ४००० च्या आसपास. टीव्हीच्या २५ हजारांनी हात उडतो, याच्या दोन हजारांनी माणूस जातो. कंडेन्सरमध्ये बहुतेक वेळा ब्लीडर असतो, पण तो गेलेला असला तर ओव्हन बाहेरून अगदी निरागस दिसतो. घरात उघडल्या जाणाऱ्या वस्तूंत यापेक्षा घातक दुसरी नाही. आणि तो ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायचे जे व्हिडिओ फिरतात, त्या नादात परदेशात कितीतरी माणसं मेलीत. प्लेट फिरत नाही, दिवा लागत नाही, एवढंच असेल तरी कंपनीचा माणूस बोलवा.

मला शॉकची सवय आहे, मला काही होत नाही.

असं म्हणणारा प्रत्येक बाजारात एक असतोच. सवय वगैरे काही नसतं, त्या दिवशी हात कोरडा होता, करंट बोटातून बोटात गेला, नशीब. ५० हर्ट्झचा साधारण १ मिलिअँप जाणवतो, १० च्या आसपास मूठ आवळली जाते आणि सुटत नाही, ३० च्या पुढे श्वासाचे स्नायू अडकायला लागतात, ५०-१०० ला हृदयाची लय बिघडू शकते. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स काही हजार ओहम ते लाखभर, घामेजल्या हाताचा हजारापर्यंत खाली. २३० व्होल्ट भागिले १००० ओहम, म्हणजे २३० मिलिअँप. तोच हात, तोच रेडिओ, फक्त जानेवारीऐवजी मे महिना. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा तर चालू सेटची कामं मी सरळ पुढे ढकलतो.

"एसी चिकटवतो, डीसी फेकतो" हेही ऐकलं असेल. थोडंफार खरं, पण भरवशाचं नाही, आणि चिकटला काय आणि फेकला काय, फेकलेला माणूस स्टुलावरून डोक्यावर पडतो.

रबरी चप्पल घातली की झालं ना?

अनवाणीपेक्षा बरीच बरी. पण झिजलेली, ओली, खिळा घुसलेली चप्पल इन्सुलेटर नव्हे, आणि हातातून हातात जाणारा करंट चपलेकडे बघतही नाही. म्हणूनच जुने लोक चालू सेटमध्ये एकच हात घालायचे, दुसरा खिशात. अंगठी, कडं, मेटलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, गळ्यातली चेन शर्टाच्या आत, मंगळसूत्र असेल तर तेही पदराआड किंवा ओढणीआड खोचून, वाकताना ते नेमकं चेसिसवर लोंबतं. खाली कोरडी लाकडी फळी किंवा रबर मॅट. बाकाजवळ लोखंडी कपाट, नळ, खिडकीचे गज नकोत.

तो दीडशे-दोनशे रुपयांचा पिवळा मीटर चालेल?

बॅटरी, ट्रान्झिस्टर, कमी व्होल्टेज यासाठी चालेल. मेनवर मन धजत नाही. त्यातल्या १० अँपच्या सॉकेटवर फ्यूज नसल्याचं बऱ्याचदा समोर छापलेलंच असतं. काल करंट मोजायला लाल वायर तिथे लावली, आज विसरून तीच ३२५ व्होल्टवर टेकवली, की मीटर हातात फुटतो. प्रोबचं इन्सुलेशनही पातळ आणि मुळाशी लवकर तडकतं. कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षिततेचा दर्जा) ६०० व्होल्ट लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या. पैसे कमी असतील तर निदान प्रोब तरी चांगले घ्या.

डीव्हीडी प्लेअरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. लीकेज आहे?

बहुतेक वेळा नाही. दोन पिनच्या एसएमपीएसमध्ये हॉट आणि कोल्डच्या मधे वाय कंडेन्सर असतो, २.२ नॅनोफॅरडचा धरला तर त्यातून फार तर ०.१६ मिलिअँप येतो. मनगटाच्या आतल्या बाजूने पत्रा हलका घासला तर जाणवतो. इतपत नॉर्मल आहे. झिणझिण्या सोडून झटका बसत असेल तर मात्र प्लग काढा, कोणीतरी तो कंडेन्सर बदलून साधा लावलाय का ते बघा.

छोट्या वस्तूंमध्ये तरी धोका नाही ना?

रिळाच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश. दोन पेन्सिल सेल, आणि आत ३०० व्होल्टचा कंडेन्सर, सेल काढून ठेवल्यावरही भरलेला. हातात मावणारा म्हणून लोक बिनधास्त उघडतात. घरचा इन्व्हर्टर विसरू नका, त्याचा प्लग काढला की तो चालू होतो, लाइट गेलीय समजून, आणि आउटपुटला २३० देतो. तिथे आधी बॅटरी सोडवायची. सोडवताना पान्याने प्लस आणि बॉडी शॉर्ट होऊ देऊ नका, १२ व्होल्टचा शॉक नाही बसत पण बोटातली अंगठी मध्ये आली तर लालभडक होते.

चालू सेटवर काम करावंच लागलं तर?

लागतंच, व्होल्टेज मोजल्याशिवाय फॉल्ट कसा कळणार. पण किती वेळा हात घालायचा ते कमी करता येतं. सेट बंद करून, डिस्चार्ज करून, मीटरची क्लिप पॉइंटवर लावायची, हात बाहेर, मग चालू करायचं, आकडा वाचायचा, परत बंद. वेळ जातो, हो. घरात कोणीतरी जागं असू दे आणि मेन स्विच कुठला ते त्याला दाखवून ठेवा. रात्री सगळे झोपल्यावर एकट्याने, झोप डोळ्यांवर असताना चालू सेट नको. दोन घोट घेतलेले असतील तर तर नकोच नको.

कोणी करंटला चिकटलाच तर काय करायचं?

त्याला धरून ओढू नका, तुम्हीही चिकटाल. मेन स्विच पाडा नाहीतर प्लग उपटा. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडी काठीने, प्लास्टिकच्या खुर्चीने ढकलून सोडवा. सुटल्यावर हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसता आचके देत असेल तर १०८ ला फोन लावायला सांगा, ११२ पण चालेल, आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, वाळूत ठेवणं यात मिनिटं घालवू नका.

शुद्धीवर असेल, "काही नाही झालं रे" म्हणत असेल, तरी एका हातातून दुसऱ्या हातात किंवा पायात करंट गेला असेल, छातीत धडधडत असेल, चक्कर आली असेल, गरोदर बाई असेल, तर दवाखान्यात नेऊन ईसीजी काढाच. कातडीवरचा डाग वाटाण्याएवढा दिसतो आणि आतला स्नायू बराच भाजलेला असू शकतो. डॉक्टरला नुसतं "शॉक लागला" न सांगता किती व्होल्टचा, एसी की कंडेन्सरचा, कुठून आत आला आणि कुठून बाहेर गेला, किती वेळ चिकटला होता, हे सगळं सांगा.